मध्यम आकाराच्या साखळी-करवतीची निवड : वृक्षतोडीच्या एका अवजाराचा इतिहास

प्रस्तावना

मानवी श्रमाचा इतिहास लिहिताना नांगर, चाक, माग आणि वाफेचे इंजिन यांना जेवढे स्थान मिळाले तेवढे वृक्षतोडीच्या अवजारांना मिळालेले नाही. कुऱ्हाड ही सर्वांच्या परिचयाची असल्यामुळे तिच्याविषयी वेगळे काही सांगावे असे कोणास वाटले नसावे. तिची जागा घेणारी साखळी-करवत तर केवळ यांत्रिक वस्तू मानली गेली. वखारीत, रस्त्यावर आणि बागायतीत जिला नुसते 'कटर', 'मशीन' किंवा 'चेन सॉ' म्हणतात, ती ही करवत. विसाव्या शतकात तिने जंगलातील श्रमाचे स्वरूप बदलले. कामाचा वेग, मजुरीची पद्धत, अपघातांचे स्वरूप आणि कामगाराच्या हाताचे आरोग्य या सर्वांवर तिचा परिणाम झाला.

व्यावसायिक वृक्षतोड करणाऱ्यापुढे आज एक साधा व्यावहारिक प्रश्न असतो : कोणती करवत घ्यावी? सुमारे ५० ते ७० सीसी इंजिनाची, पाच ते सहा किलोग्रॅम वजनाची, ज्या गटास 'मध्यम' म्हणतात त्या गटातील करवत हे त्याचे बहुधा उत्तर असते. परंतु 'मध्यम' ही मर्यादा कोणी ठरवली, केव्हा ठरवली आणि कोणत्या अनुभवातून ठरवली, हा प्रश्न इतिहासाचा आहे. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार केला आहे. या यंत्राचा आकार केवळ अभियंत्यांच्या कौशल्यातून निश्चित झाला नाही. कामगाराची पाठ, मांडी आणि बोटे यांनी त्याची किंमत मोजली, आणि त्या किमतीची नोंद झाल्यानंतरच तो स्थिरावला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

१) साखळी-करवतीच्या विकासाचे प्रमुख टप्पे कालक्रमाने मांडणे. २) कंपनजन्य विकार व अपघात यांचा यंत्राच्या रचनेवर झालेला परिणाम तपासणे. ३) मध्यम आकाराच्या करवतीच्या निवडीचे आजचे निकष या इतिहासाच्या आधारे समजून घेणे. ४) महाराष्ट्रातील परिस्थितीशी त्याचा संबंध पाहणे.

या यंत्राचा इतिहास मुख्यतः जर्मनी, स्वीडन, फिनलंड, जपान आणि उत्तर अमेरिकेचा पश्चिम किनारा येथे घडला. त्यामुळे विवेचनाचा भर त्याच प्रदेशांवर आहे.

पूर्वपीठिका

साखळीच्या रूपातील करवतीचा जन्म जंगलात झाला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन ऐटकेन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटलंडच्या वैद्यांनी प्रसूतीत अडथळा आला असता श्रोणीचा भाग कापण्यासाठी दाते असलेली बारीक साखळी वापरली. पुढे १८३० च्या सुमारास बर्नार्ड हाइने या जर्मन तंत्रज्ञाने हाड कापण्याचे उपकरण तयार केले. त्यात एका पात्याभोवती फिरणारी अखंड साखळी हाताने दांडा फिरवून चालवली जात असे. पाते, त्याभोवती फिरणारी साखळी आणि तिला गती देणारे चाक ही आजच्या करवतीची मूळ कल्पना त्यात स्पष्ट दिसते.

जंगलात मात्र त्या काळी कुऱ्हाड आणि दोन माणसांनी ओढावयाची लांब करवत यांचेच राज्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेत झाडे पाडण्यासाठीही या करवतीचा वापर रूढ झाला. दोघांचा ताल जुळला तरच ती चालत असे. कामाचा वेग माणसाच्या श्वासावर अवलंबून होता आणि थकवा हीच त्याची नैसर्गिक मर्यादा होती. १९०५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील सॅम्युएल बेन्स याला अखंड साखळीच्या करवतीचे अमेरिकी पेटंट मिळाले, ते कॅलिफोर्नियातील प्रचंड रेडवूड वृक्षांसाठी. तथापि एवढ्या यंत्रास जंगलात हलवता येईल असे हलके इंजिन तेव्हा उपलब्ध नव्हते.

दोन माणसांचे यंत्र

१९२६ मध्ये आंद्रेआस श्टील याने श्टुटगार्ट येथे आपला व्यवसाय सुरू केला आणि विजेवर चालणारी, दोघांनी हाताळावयाची साखळी-करवत तयार केली. १९२७ मध्ये एमिल लेर्प याने थुरिंगिया प्रांतातील डोल्मार या डोंगरावर पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीची चाचणी घेतली. त्याच्या कंपनीने पुढे त्या डोंगराचेच नाव घेतले. १९२९ मध्ये श्टीलची पेट्रोलवरील 'वृक्ष पाडण्याचे यंत्र' ही करवत आली. तिचे वजन ४६ किलोग्रॅम आणि शक्ती सहा अश्वशक्ती होती.

हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एका अश्वशक्तीमागे जवळजवळ आठ किलोग्रॅम वजन दोन माणसांना उतारावर, चिखलात आणि बर्फात वाहून न्यावे लागे. यंत्राने करवत ओढण्याचे श्रम कमी केले, पण वाहण्याचे श्रम वाढवले. शिवाय तत्कालीन कार्ब्युरेटरमध्ये तरंगणारा गोळा असल्यामुळे इंजिन सरळ स्थितीतच चालत असे. झाड पाडताना पाते आडवे आणि ओंडके करताना उभे धरावे लागते. त्यामुळे इंजिन सरळ ठेवून पाते वळवण्याची वेगळी योजना करावी लागत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन यंत्रांची आयात बंद झाल्याने उत्तर अमेरिकेत स्थानिक उत्पादनास चालना मिळाली. इंजिनांसाठी हलक्या मिश्रधातूंचे ओतकाम करण्याचे युद्धकाळात वाढलेले कौशल्यही पुढे या उद्योगाच्या उपयोगी पडले.

साखळीचा दात

इंजिन सुधारत असताना साखळी मात्र जुनीच होती. तिचे दाते हाताच्या करवतीच्या दात्यांची नक्कल होते. त्यांना वारंवार धार लावावी लागे आणि ते लाकूड कापण्यापेक्षा खरवडण्याचे काम अधिक करीत. ऑरेगन राज्यातील जोसेफ ब्यूफोर्ड कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचे निरीक्षण केले. ही अळी आपल्या वक्र जबड्याने डावीकडे व उजवीकडे आलटून पालटून लाकूड कुरतडत पुढे जात होती. त्यावरून कॉक्सने वक्र दात्यांची साखळी तयार केली आणि १९४७ मध्ये पोर्टलंड येथे तिचे उत्पादन सुरू केले. प्रत्येक दात्यापुढे एक बुटका उंचवटा ठेवून तो दात लाकडात किती खोल जावा हे ठरवण्याची त्यातील योजना आजही कायम आहे.

या शोधाचा सामाजिक अर्थ असा की धार लावण्याचे काम खुद्द करवत चालवणाऱ्याच्या हाती आले. हाताच्या करवतीला धार लावणारा स्वतंत्र कारागीर असे. नव्या साखळीला एका गोल कानशीने जंगलातच धार लावता येऊ लागली. करवतीची निवड करताना इंजिनाकडे सर्वांचे लक्ष जाते, परंतु बोथट साखळी लावलेले मोठे इंजिन धारदार साखळी लावलेल्या लहान इंजिनापुढे निष्प्रभ ठरते. याचे मूळ १९४७ च्या या बदलात आहे.

एका माणसाचे यंत्र

१९४९ मध्ये अमेरिकेतील मॅककलॉक कंपनीने '३-२५' हे प्रतिमान बाजारात आणले. तीन अश्वशक्ती आणि पंचवीस पौंड, म्हणजे सुमारे साडेअकरा किलोग्रॅम, असा त्या नावाचा अर्थ होता. १९५० मध्ये श्टीलची 'बीएल' ही सोळा किलोग्रॅमची, एका माणसाने चालवावयाची करवत आली. पहिली कोण हा वाद उत्पादकांसाठी महत्त्वाचा असला तरी इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक गोष्ट वेगळी आहे. सुमारे एकाच वेळी दोन्ही खंडांत जोडीदार नाहीसा झाला. कामगार यंत्राबरोबर एकटा पडला, आणि यंत्राचे संपूर्ण वजन व संपूर्ण कंपन एकाच शरीरात उतरू लागले.

पडद्याच्या कार्ब्युरेटरमुळे इंजिन कोणत्याही स्थितीत चालू लागले. दातेरी चाकांची पेटी काढून टाकून इंजिनाची गती थेट साखळीस देण्याची पद्धत आली. १९५९ मधील श्टीलची 'कोंट्रा' ही सुमारे बारा किलोग्रॅम वजनाची आणि सहा अश्वशक्तीची करवत या बदलांचा परिपाक होती. त्याच वर्षी, १६८९ पासून बंदुका आणि पुढे मोटारसायकली बनवणाऱ्या हुस्क्वार्ना या स्वीडिश कारखान्याने आपली पहिली साखळी-करवत आणली. १९२९ मध्ये ज्या सहा अश्वशक्तीसाठी ४६ किलोग्रॅम उचलावे लागत, ती आता बारा किलोग्रॅममध्ये मिळू लागली. परंतु थेट जोडणीमुळे इंजिन व साखळी यांची गती वाढली आणि तिचे कंपन मुठींवाटे हातात जाऊ लागले.

पांढरी बोटे

थंडीत बोटांचा रक्तपुरवठा तुटून ती पांढरी पडतात, या लक्षणाचे वर्णन मोरीस रेनो या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये केले होते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यांचा त्याच्याशी असलेला संबंध ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथील दगडफोड्यांच्या पाहणीतून दाखवला. म्हणजे कंपन करणारे यंत्र हातास इजा करते हे ज्ञान एका माणसाची करवत येण्यापूर्वी तीस वर्षे उपलब्ध होते. ते ज्ञान खाणीतून जंगलात पोहोचले नाही.

जपानमध्ये १९५४ च्या मोठ्या वादळाने होक्काइडोतील जंगले उन्मळून पडल्यानंतर सरकारी जंगलांत साखळी-करवतीचा प्रसार वेगाने झाला. १९६० च्या दशकात तेथील कामगारांची बोटे मेणासारखी पांढरी पडत असल्याच्या तक्रारी पुढे आल्या. 'हाकुरोब्यो', म्हणजे पांढऱ्या मेणाचा रोग, हे नाव सर्वत्र झाले. संघटित कामगारांच्या दबावामुळे सरकारी जंगलांत करवत चालवण्याची वेळ पुढे दिवसाला दोन तासांपर्यंत मर्यादित करण्यात आली. कामगाराच्या शरीरास केंद्रस्थानी ठेवून यंत्राच्या वापरावर घातलेली ही एक महत्त्वाची मर्यादा होय. ब्रिटनमध्ये या विकारास भरपाईस पात्र व्यवसायजन्य रोग म्हणून मान्यता मिळण्यास १९८५ साल उजाडावे लागले.

फिनलंडने दुसरा मार्ग दाखवला. उत्तरेकडील सुओमुस्साल्मी येथील जंगल-कामगारांची १९७२ पासून वारंवार तपासणी करण्यात आली. १९७२ मध्ये सुमारे ४० टक्के कामगारांमध्ये पांढऱ्या बोटांचा विकार आढळला. १९९० पर्यंत हे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवर आले. याच काळात करवतीच्या कंपनाचे मान प्रतिसेकंद-वर्ग १४ मीटरवरून २ मीटरपर्यंत खाली आले. मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचे, पुढे स्प्रिंगचे आधार देऊन कंपन अडवण्याची रचना १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाली होती. तिचे फळ या आकड्यांत दिसते.

युरोपीय संघाच्या २००२ च्या कंपनविषयक निर्देशाने या अनुभवास कायद्याचे रूप दिले. आठ तासांच्या सरासरीने २.५ ही उपाययोजना सुरू करण्याची आणि ५ ही कमाल मर्यादा ठरली. या मापाने ढोबळ हिशोब केला तर १४ मानाची जुनी करवत जेमतेम एका तासात कमाल मर्यादा गाठते. ५ मानाची करवत दोन तासांत पहिली मर्यादा गाठते, तर २ मानाची करवत दिवसभर चालवूनही त्या मर्यादेच्या आत राहते. जपानी कामगारांनी मागितलेले दोन तास आणि फिनलंडच्या कारखान्यांनी व कामगारांनी अनुभवलेली हलकी करवत ही एकाच समीकरणाची दोन उत्तरे आहेत : एकतर वेळ कमी करावी किंवा यंत्र बदलावे.

उसळी, ब्रेक आणि मजुरी

पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडास टेकला की साखळी तेथे अडकते आणि सर्व शक्ती पात्यास वर व मागे, चालवणाऱ्याच्या तोंडाच्या व मानेच्या दिशेने फेकते. ही उसळी क्षणार्धात घडते. माणसाची प्रतिक्रिया तेवढी जलद नसते. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी श्टील आणि हुस्क्वार्ना या दोघांनीही साखळी तत्काळ थांबवणारा ब्रेक आणला. पुढील मुठीसमोरची ढाल हाताच्या धक्क्याने, आणि नंतरच्या रचनेत स्वतःच्या जडत्वानेही, पुढे सरकून साखळी अडवते. याच सुमारास मांडीचे रक्षण करणाऱ्या विजारी रूढ होऊ लागल्या. त्यांतील लांब तंतू साखळीत व चाकात गुंतून ती जाम करतात.

तथापि अपघात केवळ यंत्रामुळे होत नाहीत. १९७५ मध्ये स्वीडनच्या जंगल-कामगारांनी मोठा संप केला. तोडलेल्या मालाच्या मोजणीवर मजुरी न देता मासिक वेतन द्यावे ही त्यांची प्रमुख मागणी होती. मोजणीवरील मजुरीत धोका पत्करणाऱ्यास अधिक पैसे मिळत. अडकलेले झाड सोडवण्यासाठी थांबणे, साखळीला धार लावणे, ढाल जागेवर ठेवणे या प्रत्येक गोष्टीची किंमत कामगाराच्या खिशातून जात असे. वेतनपद्धती बदलल्यानंतर गंभीर अपघात घटल्याचे स्वीडिश अभ्यासांतून दिसून आले. उत्तम करवतीची निवडही चुकीच्या मजुरीपुढे हतबल ठरते, हा या घटनेचा धडा होय.

'मध्यम' या संज्ञेचा अर्थ

वरील इतिहास पाहता 'मध्यम' हे स्थिर माप नाही हे उघड होते. १९५० च्या दशकात शंभर सीसीच्या आसपासची आणि बारा किलोग्रॅमची करवत सर्वसाधारण मानली जात होती. आज ती अवजड ठरते. सध्याच्या ५० सीसी गटातील व्यावसायिक करवत पाते व साखळी वगळून सुमारे पाच किलोग्रॅमची असून सुमारे तीन किलोवॅट, म्हणजे चार अश्वशक्ती देते. ६० सीसी गटात सुमारे साडेपाच किलोग्रॅममध्ये साडेतीन किलोवॅट मिळतात, तर ७० सीसी गटात सहा किलोग्रॅमच्या थोड्या वर सुमारे चार किलोवॅट. एका अश्वशक्तीमागचे वजन १९२९ मधील पावणेआठ किलोग्रॅमवरून १९५९ मध्ये दोन आणि आज सुमारे सव्वा किलोग्रॅमवर आले आहे.

या गटाच्या खालच्या सीमेस आता कायदेशीर अर्थही प्राप्त झाला आहे. अमेरिकेतील संघराज्य कायद्यानुसार ४५ सीसी व त्याहून मोठी साखळी-करवत शेती व बांधकामाच्या यंत्रांत मोडते आणि तिच्या उत्सर्जनाचे नियमन राज्ये करू शकत नाहीत. म्हणूनच कॅलिफोर्नियाने २०२४ पासून लहान इंजिनांसाठी घातलेले शून्य उत्सर्जनाचे बंधन घरगुती करवतीस लागू होते, मध्यम व्यावसायिक करवतीस नाही. घरगुती वस्तू आणि व्यवसायाचे अवजार यांतील भेद येथे इंजिनाच्या घनफळाने ठरवला गेला.

या गटाचा ग्राहकही बदलला आहे. स्वीडन व फिनलंडमधील नियमित तोड आता मोठ्या चाकांची स्वयंचलित यंत्रे करतात. हातातील करवत उतारावर, शहरी झाडांवर आणि वादळानंतरच्या साफसफाईत उरली आहे. जानेवारी २००५ मधील 'गुद्रुन' वादळाने दक्षिण स्वीडनमध्ये सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवे केले, आणि ते हलवताना आणखी कामगार प्राणास मुकले. वाकून ताणलेले खोड कापताना ते कोणत्या बाजूस सुटेल याचा अंदाज यंत्र देत नाही, तो माणसासच घ्यावा लागतो.

निवडीचे निकष

इतिहासाच्या या पार्श्वभूमीवर व्यावसायिकाच्या निवडीचे निकष पुढीलप्रमाणे मांडता येतात.

पहिला निकष कामाच्या स्वरूपाचा. झाडावर चढून फांद्या उतरवणाऱ्याची वर मूठ असलेली करवत हा वेगळा गट आहे. आंतरराष्ट्रीय मानकात तिचे वजन ४.३ किलोग्रॅमपर्यंत मर्यादित केले असून ती केवळ प्रशिक्षित व्यक्तीने झाडावर वापरण्यासाठी आहे. मध्यम करवत जमिनीवरील माणसाची. बुंधा पाडणे, फांद्या छाटणे आणि ओंडके करणे ही तिची कामे होत.

दुसरा निकष पात्याच्या लांबीचा. ५० सीसीसाठी ३८ ते ४५ सेंटिमीटर, ६० सीसीसाठी ४५ ते ५० सेंटिमीटर आणि ७० सीसीसाठी ५० ते ६० सेंटिमीटर हे साधारण प्रमाण आहे. दोन्ही बाजूंनी काप घेतल्यास पात्याच्या लांबीच्या जवळजवळ दुप्पट व्यासाचा बुंधा कापता येतो. म्हणून क्वचित येणाऱ्या मोठ्या झाडासाठी रोज लांब पाते वाहणे श्रमाचा अपव्यय होय. लांब पात्यामुळे वजन पुढे झुकते, मनगट व कंबर यांवर ताण येतो आणि पात्याचे टोक नजरेआड राहून उसळीचा धोका वाढतो.

तिसरा निकष साखळीचा. ५० सीसी गटात सामान्यतः ०.३२५ इंच अंतराची, तर ६० सीसी व त्यापुढे ३/८ इंच अंतराची साखळी वापरतात. पहिली मऊपणे चालते व कमी शक्ती घेते, दुसरी जाड लाकडात वेगाने भुसा काढते. चौथा निकष कंपनाच्या मानाचा. उत्पादकाने नोंदवलेले हे मान किमतीइतक्याच काळजीने वाचले पाहिजे. बोथट साखळी आणि झिजलेले रबरी आधार यांमुळे नव्या करवतीचे कंपनही वाढते, म्हणून सुटे भाग जवळपास मिळणे व दुरुस्ती करणारा माहीतगार असणे हा पाचवा निकष ठरतो.

सहावा निकष इंधनाचा. द्विघाती इंजिनात पेट्रोल व तेल यांचे मिश्रण जळते आणि न जळलेला काही भाग धुराबरोबर चालवणाऱ्याच्या श्वासात जातो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये आलेले, बेंझिन जवळजवळ नसलेले अल्किलेट पेट्रोल आणि पुढे आलेली धूर कमी करणारी इंजिने ही त्यावरील उत्तरे होती. २०१० नंतर बॅटरीवरील व्यावसायिक करवतीही आल्या. कमी आवाज, धुराचा अभाव आणि अल्प कंपन या बाबतींत त्या सरस आहेत. शहरी छाटणीत त्यांनी स्थान मिळवले असले तरी दिवसभर जाड बुंधे कापण्याच्या कामी पेट्रोलची मध्यम करवत टिकून आहे.

उष्ण कटिबंध आणि महाराष्ट्र

हा इतिहास थंड प्रदेशातून उष्ण कटिबंधात येताना एकसारखा आला नाही. १९६० च्या दशकातील रचनेची, शंभर सीसीहून मोठी 'श्टील ०७०' ही करवत आग्नेय आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत दशकानुदशके वापरात राहिली. तिच्या मूळ रचनेत साखळी-ब्रेक नव्हता. जंगलातच ओंडक्यांच्या फळ्या पाडण्यासाठी तिची शक्ती उपयोगी पडते हे खरे, परंतु उत्तरेकडील कामगारांनी आपल्या बोटांची किंमत देऊन जे मिळवले ते दक्षिणेकडील कामगारापर्यंत पोहोचण्यास विलंब झाला हेही तितकेच खरे. फिलिपिन्सने २००२ च्या साखळी-करवत कायद्याने यंत्राच्या मालकीची व वापराची नोंदणी सक्तीची केली. तिचा उद्देश अवैध जंगलतोड रोखणे हा होता.

महाराष्ट्रात कायद्याने यंत्राऐवजी झाडाचा विचार केला. १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम आणि १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम यांनी कोणते झाड कोणाच्या परवानगीने तोडावे हे ठरवले. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जंगलातील तोड मंजूर कार्य-आयोजनेच्या चौकटीत आली. हे सर्व आवश्यकच होते. परंतु झाड तोडणाऱ्याचा हात हा या कायद्यांचा विषय नाही.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा नारळी-पोफळीच्या बागा आणि रस्त्यांकडेची झाडे उन्मळून पडली. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळाने सिंधुदुर्ग व गोव्याच्या किनारपट्टीस तडाखा दिला. दोन्ही प्रसंगी रस्ते मोकळे करण्याचे काम आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी व स्थानिकांनी साखळी-करवतीच्या साह्याने केले. झाड पाडण्यासाठी परवानगी लागते, पण पडलेले झाड हलवण्यासाठी कौशल्य लागते, हे कोकणाने त्या दिवसांत पाहिले.

येथे एक वैद्यकीय बाब नमूद करणे अगत्याचे आहे. बोटे पांढरी पडणे हे थंडीने चेतवले जाणारे लक्षण असल्यामुळे उष्ण हवामानात ते क्वचितच दिसते. मात्र कंपनामुळे मज्जातंतूंना होणारी इजा, म्हणजे बधिरपणा, मुंग्या येणे आणि पकड सैल होणे, उष्ण प्रदेशातही आढळते. कोकणातील किंवा विदर्भातील करवत चालवणाऱ्याची बोटे पांढरी दिसत नाहीत म्हणून ती निरोगी आहेत असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. ज्या दृश्य लक्षणाने जपानी कामगारांच्या दुःखाला नाव मिळाले, ते लक्षणच येथे झाकलेले आहे. त्यात सागासारख्या लाकडातील सिलिकाच्या कणांमुळे साखळी लवकर बोथट होते आणि कंपन वाढते. त्यामुळे कानस हे येथे आरोग्याचेही साधन ठरते.

निष्कर्ष

१) साखळी-करवतीच्या विकासाची दिशा प्रथम शक्ती, नंतर वजन आणि अखेरीस कंपन व सुरक्षितता अशी राहिली. तिसऱ्या टप्प्यास कामगारांच्या तक्रारी व संघटना कारणीभूत ठरल्या.

२) 'मध्यम आकार' ही ऐतिहासिक संज्ञा असून एका माणसाच्या शरीरास दिवसभर पेलेल अशी शक्ती, वजन व कंपन यांची ती तडजोड आहे.

३) कंपनाच्या धोक्याचे ज्ञान १९१८ पासून उपलब्ध असूनही वृक्षतोडीच्या यंत्रात ते उतरण्यास सुमारे अर्धे शतक लागले. ज्ञानाचा अभाव आणि ज्ञानाकडे दुर्लक्ष यांत इतिहासकाराने भेद केला पाहिजे.

४) मजुरीची पद्धत बदलल्याशिवाय सुरक्षित यंत्राचा पूर्ण लाभ मिळत नाही, हे १९७५ च्या स्वीडिश संपावरून दिसते.

५) महाराष्ट्रात झाडाचे रक्षण करणारी कायद्याची परंपरा आहे. करवत चालवणाऱ्याचे प्रशिक्षण, त्याच्या हातांची नियतकालिक तपासणी आणि खरेदीच्या वेळी कंपनाच्या मानाचा विचार यांची जोड तिला मिळणे आवश्यक आहे. करवत बहुधा एक जण विकत घेतो आणि दुसरा चालवतो. निवडीचा अधिकार आणि निवडीचे परिणाम यांतील हे अंतर कमी झाले तरच योग्य करवतीची निवड झाली असे म्हणता येईल.